काकाजींचा वजनकाटा

गाड्यांचे एसी दुरुस्त करून माझं घर चालतं. नागपुरात या धंद्याला मरण नाही. एप्रिल लागला की दुकानापुढे गाड्या उभ्या राहतात, आणि नवतपा सुरू झाला की दुपारचं जेवण संध्याकाळी होतं. काम झालं, जाळीतून गार वारा आला, की लोक चार चांगले शब्द बोलतात. ते ऐकताना मला संकोच होतो, कारण या कामातलं माझं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं आहे. जे आहे ते कामठी रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं. ती शेड ज्यांची होती त्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणायचो.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स करून गेलो होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एसीची गाडी म्हणजे अजून मोठ्या माणसाची गाडी. काकाजी सातवी शिकलेले. तरुणपणी ते बर्फाच्या कारखान्यात होते, तिथून फ्रीजच्या कामात आले आणि फ्रीजवरून गाड्यांत. माझ्या खिशात प्रमाणपत्र होतं, आणि या माणसाकडून दोन-चार महिने हात बसवून घ्यायचा नि पुढं निघायचं, एवढाच माझा विचार होता.

गाड्यांत तेव्हा आर-12 असायचा. आम्ही त्याला नुसतं ‘बारा’ म्हणायचो. काकाजींचा या गॅसवर फार जीव. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो आणि तो फुटला की डोळे उघडत नाहीत, श्वास अडकतो. ज्यानं अमोनियाचा भपका सोसला त्याला बारा म्हणजे देवमाणूसच वाटणार. त्याला वास नाही, तो पेटत नाही, धातूला खात नाही. पुढं कळलं की तो शोधला गेला तोही याच कारणासाठी. अमेरिकेत घरगुती फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू होते आणि गळतीनं माणसं मरत होती. 1928 च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर हा उपाय काढला. 1930 मध्ये मिजलीनं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झालं.

अशा गॅसची आम्ही कसलीही कदर करत नव्हतो. तो स्वस्त होता. पाइपात कचरा आहे असं वाटलं की गॅसचा फवारा मारून साफ करायचा. सिस्टीममधली हवा काढायला थोडा गॅस सोडून ती ढकलून द्यायची. व्हॅक्यूम पंप बऱ्याच दुकानांत नव्हताच. काम उघडायचं तर नट ढिला करायचा आणि असेल नसेल तो गॅस ‘फुस्स’ करून जाऊ द्यायचा. दिवसभर शेडमध्ये तो आवाज चालायचा. एका बाबतीत मात्र काकाजी कडक होते. गॅस सुटलेला असताना कुणी बिडी पेटवली तर ते हातातला पाना टाकून ओरडायचे. बिडीच्या निखाऱ्यातून तो ओढला गेला की घशाशी कडू जहाल लागतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. ज्योतीत सापडला की हा देवमाणूस विष होतो, हे त्यामागचं रसायनशास्त्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

याच गुणावर आमचा गळती शोधायचा दिवा चालायचा. निळी ज्योत, खाली रबरी नळी. नळीचं तोंड जोडाजवळून हळू हळू फिरवायचं. गळती असली की ज्योत हिरवी व्हायची. काकाजी शेडचं दार लोटून अंधार करायचे आणि नळी अशा सावकाशीनं फिरवायचे की पाहणाऱ्याला झोप यावी. मला तो वेळकाढूपणा वाटे. गिऱ्हाईक म्हणायचं, गॅस संपला, भरून द्या. मलाही तसंच वाटायचं, पेट्रोलसारखा गॅसही दरवर्षी संपत असेल. काकाजी म्हणायचे, “संपत नाही रे बाबू, जाते. कुठून जाते ते पाह्यल्याबिगर भरशील तं त्याच्या पैशात आपला हात घातल्यासारखं आहे.” हे पहिलं शिक्षण. आयटीआयच्या पुस्तकातही ते असणार. मी तिथं वाचलं नव्हतं.

दुसरी त्यांची विद्या काचेची. ड्रायरवर एक लहान गोल काच असते. गॅस कमी असला की तिच्यात बुडबुडे पळताना दिसतात आणि पुरेसा झाला की काच स्वच्छ होते. काकाजी एका हातानं कॉम्प्रेसरकडे जाणारा जाड पाइप धरायचे, डोळा काचेवर, दुसरा हात टाकीच्या चावीवर. ना काटा, ना मोजमाप. पाइपाला घाम सुटला, काच साफ झाली, की चावी बंद. गाडी घरी. त्यांचा अंदाज क्वचितच चुकायचा. दोन-चार महिन्यांसाठी आलेला मी वर्षानुवर्षं तिथंच राहिलो, ते त्या हातापायी. तो हात आपल्यालाही यावा असं वाटायला लागलं होतं.

मग बारा महाग व्हायला लागला. टाक्यांत भलताच गॅस निघायला लागला. नवीन गाड्या येत होत्या त्यांत आर-134ए होता, आमच्या भाषेत ‘चौतीस’, आणि त्यांच्या सर्व्हिस व्हॉल्व्हला आमच्या जुन्या नळ्या बसतच नव्हत्या. जुन्याचा आट्याचा जोड, नव्याचा खटक्याचा. एक गॅस चुकून दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून मुद्दाम वेगळा केलेला. गाड्यांचे एसी, फ्रीज असली नवी यंत्रं बारा घालून बनवायला 2003 पासून देशात बंदी आली. बाजारात लोकांनी आपापले रस्ते काढले. कुणी जुन्या गाडीत बाराच्या जागी सरळ चौतीस ढकलायचं, तर कुणी स्वयंपाकाचा गॅस. स्वयंपाकाचा गॅस थंड करतो, खोटं नाही. पण गाडीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली, माणसांच्या पायाशी असते. तिथं गळती झाली आणि कुणी काडी ओढली तर? काकाजींनी तसली गाडी शेडमध्ये घेतली नाही, घरच्या माणसाची असली तरी नाही.

चौतीस सरळ ढकलण्याबद्दल मात्र त्यांचं मत ठरलेलं नव्हतं. मला वाटायचं, त्यात काय एवढं? जोड बदलायचा, टाकी बदलायची, झालं. काकाजी काही बोलले नाहीत. कुठून तरी त्यांनी एक इंग्रजी माहितीपुस्तक मिळवलं, बहुधा कंपनीच्या वर्कशॉपमधल्या कुणाकडून. दुकान बंद झाल्यावर मला बसवायचे आणि म्हणायचे, “वाच.” मी वाचायचो आणि मोठेपणानं मराठीत सांगायचो. म्हाताऱ्याला आपण शिकवतो आहोत अशी माझी समजूत. पण ते प्रत्येक ओळीला विचारायचे, “काहून?” खनिज तेल चालत नाही, एस्टर तेल घालावं. काहून? ड्रायर बदलावा. काहून? नायट्राइलच्या ओ-रिंग काढून हिरव्या घालाव्यात. काहून? दहातल्या आठ ‘काहून’ना माझ्याकडे उत्तर नसायचं. आमच्या गिऱ्हाइकांत रसायनशास्त्राच्या एक प्राध्यापिका बाई होत्या. काकाजींनी मला वही घेऊन त्यांच्या घरी पाठवलं. मी लाजत गेलो आणि शिकून आलो. नंतर बऱ्याचदा गेलो. दारातून कधी परत पाठवलं नाही त्या बाईंनी.

तेलाचं त्यांनी सांगितलं ते अजून कुणालाही मी तसंच सांगतो. कॉम्प्रेसरला स्वतःची अशी वेगळी टाकी नसते म्हटलं तरी चालेल. त्याचं बरंचसं तेल गॅसबरोबर सगळ्या सिस्टीमभर फिरत असतं. बारात खनिज तेल विरघळतं, म्हणून ते त्याच्यासोबत जातं नि त्याच्यासोबत परत येतं. चौतीसमध्ये ते विरघळत नाही. गॅस निघून येतो आणि तेल कॉइलच्या तळाशी बसून राहतं. कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एक दिवस जाम होतो. हे मी काकाजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे जाते सगळेच. येते कोण, ते पाहावं लागते.” पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका दुकानातून सरळ चौतीस भरून घेतलेली गाडी आमच्याकडे आली. क्लच चिकटायचा नि बेल्ट किंचाळायचा. कॉम्प्रेसर हातानं फिरेना. मला माझंच बोलणं आठवलं. काकाजींना ते आठवत असणारच, पण त्यांनी विषय काढला नाही.

त्या सुमारास केंद्र सरकारच्या ओझोन कक्षातर्फे मेकॅनिकांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू होते. काकाजी साठीला आलेले. मी एकटा जातो म्हणालो, तर स्वच्छ शर्ट घालून ते माझ्या आधी बसस्टँडवर. वर्गात पोरसवदा मेकॅनिकांच्या पहिल्या बाकावर बसले. शिकवणाऱ्या साहेबांनी सगळं सांगितलं. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं की हे वायू खाली कशानं मोडत नाहीत, म्हणून वर स्थितांबरापर्यंत जातात आणि तिथं सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात. सुटा झालेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. 1985 मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनला पडलेलं भगदाड ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. मी टिपून घेत होतो. काकाजींनी हात वर केला आणि विचारलं, “साहेब, मी आजवर सोडलेला गॅस आता कुठी असन?” वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, “बाराचं आयुष्य शंभरएक वर्षांचं आहे. बहुतेक सगळा अजून वरच असेल.”

परतीच्या बसमध्ये काकाजी त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा पोरगा सवयीनं कॉइल साफ करायला गॅसची टाकी ओढत होता. काकाजींनी ती त्याच्या हातातून घेऊन कोपऱ्यात ठेवली आणि त्याला नायट्रोजनचं सिलिंडर आणायला पाठवलं. त्या दिवसापासून शेडमधला ‘फुस्स’ बंद झाला. त्यासाठी जुना गॅस ओढून टाकीत साठवायचं मशीन घ्यावं लागलं, व्हॅक्यूम पंप घ्यावा लागला, वजनकाटा घ्यावा लागला. त्या वर्षी धंदा काही फार चालला नव्हता. पैसे कुठून आणले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिली बदललेली गाडी एका वकीलसाहेबांची कॉन्टेसा. साहेबांचा गाडीवर जीव, विकायची नाही हे ठरलेलं. उरलासुरला बारा मशीननं ओढून घेतला. कॉम्प्रेसर इंजिनवरून उतरवून उलटा धरला आणि तेल मापात निथळू दिलं, कारण जेवढं निघेल तेवढंच नवं घालायचं. पाइप धुऊन, नायट्रोजननं कोरडे करून झाले. प्रत्येक जोडाची ओ-रिंग बदलली, ड्रायर बदलला. जुन्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे नव्या गॅसपुढे टिकत नाहीत. एस्टर तेलाच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं म्हणून काकाजी माझ्यावर खेकसले. हवेतलं पाणी पितं ते तेल, पावसाळ्यात तर जास्तच. जुन्या आट्यांवर नवे खटक्याचे जोड कायमचे बसवले. मग पंप लावला आणि तासभर चालू ठेवला. काकाजी स्टूल घेऊन गेजसमोर बसून राहिले. एकोणतीस इंचांच्या व्हॅक्यूमला पाणी नुसत्या खोलीच्या उष्णतेवर उकळून निघून जातं, हे त्यांना फार आवडलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

भरायची वेळ आली. या गाडीत बारा किलोभर जायचा. पुस्तक सांगत होतं, चौतीस त्याच्या 80 ते 90 टक्केच घाला. टाकी काट्यावर ठेवली. साडेआठशे ग्रॅम गेले आणि काचेत बुडबुडे पळतच होते. माझा हात चावीवर होता. अजून थोडा घालावा असं मला मनापासून वाटत होतं, कारण काच साफ झाल्याशिवाय थांबायचं नाही हे मी याच माणसाकडून शिकलो होतो. काकाजींनी काचेकडे पाहिलं आणि विचारलं, “काटा काय म्हणते?” मी आकडा सांगितला. “मंग बंद कर.” नव्या गॅसला ही काच खरं बोलत नाही. ती साफ होईपर्यंत भरत गेलं की गॅस जास्त होतो आणि दाब चढतो, हे पुस्तकात होतं आणि मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. पण वाचलेलं मला ऐनवेळी पटत नव्हतं, आणि ज्यांची तीस वर्षांची विद्या त्या काचेत होती त्यांनी ती एका शब्दात बाजूला ठेवली. दिव्याचंही तेच झालं. चौतीसमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ज्योत हिरवी होत नाही. दिवा निकामी. त्या दिवशी जोड तपासायला आम्ही साबणाचा फेस केला आणि काकाजींनी तो ब्रशनं त्याच जुन्या सावकाशीनं लावला.

काम झाल्यावर बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवायची असते: कुठला गॅस, किती ग्रॅम, कुठलं तेल, कधी आणि कुणी बदललं. मी लिहायला बसलो आणि दुकानाचं नाव लिहू लागलो. काकाजी म्हणाले, “तुहं नाव लिही. उद्या काही झालं तं साहेबानं कोणाले धरावं?” मला वाटलं जबाबदारी माझ्यावर टाकताहेत. माझं नाव गावात त्या चिठ्ठ्यांमुळे झालं, आणि दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी ती वाचून मला हाक मारायला सुरुवात केली, हे लक्षात यायला मला काही वर्षं लागली.

कॉन्टेसाचं काम तिथं संपलं नाही. चालत्या गाडीत कूलिंग छान. मे महिन्यात व्हरायटी चौकात सिग्नलला उभी राहिली की जाळीतून गरम हवा. दोन्ही गॅसचा दाब वीस अंशांच्या आसपास जवळजवळ सारखा असतो. कंडेन्सर पासष्ट अंशांवर गेला तर बारा सुमारे 230 पीएसआय दाखवतो आणि चौतीस 260. पुण्याच्या माणसाला हा फरक फारसा जाणवणार नाही. आमच्याकडे दुपारी पंचेचाळीस अंशांत, डांबरावर उभ्या गाडीत तोच फरक जीव घेतो. वकीलसाहेब चिडलेले. मी म्हणालो, गॅस थोडा कमी करून पाहू. काकाजींनी गाडी उन्हात उभी करून एसी लावला, गेज जोडले, आणि काटा तीनशेवर चढला तसा बादलीभर पाणी कंडेन्सरवर ओतलं. काटा भराभर खाली आला, आत थंडावा सुटला. “गॅसचा काय दोष? याले गरमी बाहेर टाकता येऊन नाही राह्यली.” मग नव्या पद्धतीचा पॅरलल फ्लो कंडेन्सर शोधला, त्यापुढं जास्तीचा पंखा लावला, कॉन्टेसाच्या नाकात जागा मुबलक. साहेबांनी पुढचा उन्हाळा त्या गाडीत काढला. मोजून भरायला मला पुस्तकानं शिकवलं असतं. आधी दोष कुणाचा ते पाहायचं आणि मग हात लावायचा, हे त्या बादलीनं शिकवलं.

देशात सीएफसीचं उत्पादन 2008 च्या ऑगस्टमध्ये थांबलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकाजींनी मला वेगळं दुकान काढायला सांगितलं. सांगितलं म्हणजे जवळजवळ हाकललंच. व्हॅक्यूम पंप, रिकव्हरी मशीन आणि तो वजनकाटा माझ्या टेम्पोत घालून दिला. किंमत विचारली तर म्हणाले, जमेल तेव्हा दे. थोडे थोडे देत गेलो, मध्ये मुलीचं आजारपण निघालं, राहून गेले. काकाजी गेले तेव्हा अजून काही रक्कम बाकी होती. त्यांनी एकदाही आठवण केली नव्हती.

आता चौतीसवरही वेळ आली आहे. ओझोनला तो काही करत नाही, पण उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट. 2016 च्या किगाली दुरुस्तीनं त्याचाही वापर टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं, भारतानं ती 2021 मध्ये मान्य केली. पुढचा गॅस थोडा पेट घेणारा आहे. त्याच्या पुस्तकाची छापील पानं दुकानात आहेत. रात्री शटर अर्धं ओढून मी आणि माझ्याकडची दोन पोरं ती वाचतो. ‘काहून’ विचारणारं कुणी नाही, तेव्हा मलाच विचारावं लागतं. बरेचदा अडतो.

मागच्या दिवाळीनंतर काकाजींच्या मुलीकडे वर्ध्याला गेलो. त्या शाळेत शिकवतात. बाकी रक्कम पाकिटात नेली होती. मला वाटलं, नको म्हणतील आणि आग्रह करावा लागेल. त्यांनी पाकीट उघडून नोटा दोनदा मोजल्या, आतून काकाजींची जुनी वही आणली, माझ्या नावाच्या पानावर रक्कम लिहून मला सही करायला लावली. व्याजाचं काय, मी विचारलं. “बाबांनी कोणाकडून घेतलं नाही, दादा, मी कशी घेऊ?” मग चहा झाला. त्यांच्या गाडीचा ब्लोअर आवाज करतो म्हणाल्या, तो मी निघायच्या आधी खोलून पाहिला. पंख्यात वाळलेलं पान अडकलं होतं.